वीतभर पाणी, हजारोंचं बिल

बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडकडच्या माणसाला पूर म्हटलं की आधी धरण आठवतं. साहजिकच आहे. जुलै 2019 मध्ये कोकणात तिवरे धरण फुटलं आणि लगोलग शेजारच्या भोकरदन तालुक्यात, शेलूदच्या धामना धरणाच्या भिंतीतून पाणी पाझरत असल्याची बातमी आली. खालच्या गावांची झोप उडाली. धरण टिकलं, पण धसका राहिला.

घराचं नुकसान करणारं पाणी मात्र बहुतेक वेळा धरणातून येत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेत रात्री जोराचा पाऊस झाला की नाले भरून वाहतात. दरवेळच्या डांबरीकरणाने रस्ता वर आणि घर खाली झालेलं असतं, तुंबलेल्या गटाराला दुसरी वाट नसते, आणि पाणी उंबरठा ओलांडून आत येतं. कधी उंबरठ्याआधी शौचालयाच्या भांड्यातूनच वर येतं. वीतभर असतं, फार तर पोटरीपर्यंत. दोन-चार तास थांबतं आणि उतरतं. अशा पाण्याचे फोटो पेपरात येत नाहीत. घर उभं असतं, माणसं सुखरूप असतात, शेजारी म्हणतात, ‘चला, थोडक्यात निभावलं.’

खर्च त्यानंतर तीन महिने हप्त्याहप्त्याने निघत राहतो. आधी फ्रिज, मग मोटर, मग दिवाणाचा खालचा प्लायवूड, मग भिंतीचे पोपडे. एकरकमी बिल कधी समोर येत नाही, म्हणून बेरीजही कोणी करत नाही. इथे ती करून बघू. खाली दिलेले मजुरीचे आणि सामानाचे भाव अंदाजे आहेत. धाड, बुलढाणा, भोकरदन इथे ते थोडे वरखाली होतील, त्यामुळे आकड्यापेक्षा हिशेबाची रीत उचला.

अमेरिकेत पूरविमा विकणारी सरकारी यंत्रणा लोकांना सांगते की घरात एक इंच पाणी आलं तरी 25 हजार डॉलरपर्यंत नुकसान होऊ शकतं. हा आकडा रुपयांत गुणून घाबरण्यात अर्थ नाही. तिकडच्या भिंती लाकडी सांगाडा आणि जिप्समच्या पत्र्यांच्या, जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. एक इंच पाण्यात ते सगळं उपटून फेकावं लागतं. आपल्या शहाबादी फरशीला आणि विटांच्या भिंतीला तेवढं पाणी काही करत नाही. आपला पैसा जातो तो फरशीवर टेकवून ठेवलेल्या वस्तूंत, आणि पाणी ओसरल्यावर केलेल्या घाईत.

सगळ्यात महाग वस्तू: पोती

शहरी माणसाला विचारलं तर तो टीव्ही आणि फ्रिज म्हणेल. धाड परिसरातल्या शेतकऱ्याच्या घरात पावसाळ्यात फरशीवर सगळ्यात जास्त पैसा कट्ट्यांत पडलेला असतो. गेल्या हंगामातलं सोयाबीन भाव वाढेल या आशेने थांबवलेलं, घरखर्चाचा गहू, थोडी तूर, आणि जून-जुलैत आणून ठेवलेलं खत.

2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आहे. पन्नास किलोचे सहा कट्टे खालच्या थरात असतील तर तीन क्विंटल, म्हणजे हमीभावाने 15,984 रुपये फरशीवर टेकलेले. पाणी वीतभर आलं तरी नुकसान वीतभरावर थांबत नाही. खालचा कट्टा पाणी ओढतो, वरच्या कट्ट्यातला माल दमट होतो आणि चोवीस तासांत आत हात घातला तर गरम लागतं. सोयाबीन तर हरभऱ्यापेक्षा लवकर फुगतं, साल सुटते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोड दिसू लागतात आणि वास येतो. त्या मालाला मग अडत्या हात लावत नाही. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा 12 टक्के आहे, तिथे तर विषयच नको.

म्हणून घरात पाणी आलं तर फरशी पुसायच्या आधी पोती. भिजलेली वेगळी, कोरडी वेगळी. हे दोन ढीग एकत्र करणं ही हमखास होणारी चूक आहे. ‘थोडंच ओलं आहे, वरच्यात मिसळलं की सुकून जाईल,’ म्हणतात आणि बारा कट्टे घालवतात. ओला माल ताडपत्रीवर दोन-तीन बोटं जाडीचा पसरायचा, पाऊस असेल तर घरातच पंखा लावून, दर दोन तासांनी हाताने खालीवर करायचा. पंखा लावायचा तो ज्या खोलीत पाणी शिरलं नाही तिथल्या जोडणीवर. का, ते पुढे येईल. पहिल्या दिवशी हे केलं तर निम्मी किंमत हाती येऊ शकते. चौथ्या दिवशी केलं तर उकिरडा.

शौचालयाचं किंवा गटाराचं पाणी लागलेला गहू-ज्वारी घरात खायची नाही, कितीही धुतली तरी. बुरशी आलेलं धान्य गुरांनाही घालू नका. बुरशीचं विष गाभण आणि दुभत्या जनावराला बाधतं, आणि म्हैस गेली तर गव्हाचा हिशेब कोण करतो?

युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना आणि डीएपीची 50 किलोची 1,350 रुपयांना पडते. गोणीला आतून प्लास्टिक असलं तरी पाणी शिवणीतून शिरतं. युरिया विरघळून जातो, उरलेल्याचा दगड होतो. दोन युरिया आणि एक डीएपी गेली तर 1,883 रुपये. शिवाय हंगामात तीच गोणी दुसऱ्यांदा मिळवायची यातायात वेगळी.

पीकविम्यात घरात आणून ठेवलेला माल येत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. ‘विमा काढलाय की’ म्हणत कोणी निवांत बसायला नको.

फ्रिज: आठशे की सात हजार

दुरुस्तीच्या दुकानात फ्रिज उतरवला की मिस्त्रीचा पहिला प्रश्न असतो, ‘भाऊ, चालू करून पाहिला का?’ सगळं बिल या प्रश्नाच्या उत्तरावर असतं.

फ्रिज मागून बघा. तळाशी काळा, घागरीसारखा कॉम्प्रेसर असतो. तो चहूबाजूंनी जोडून बंद केलेला, त्याच्या पोटात वीतभर पाण्याने काही शिरत नाही. पण त्याच्या कुशीला एक छोटी प्लास्टिकची डबी असते, तिच्यात रिले आणि ओव्हरलोड हे दोन भाग. पाणी आणि गाळ तिथे शिरतो. फ्रिज बंद ठेवून, डबी उघडून, स्वच्छ पाण्याने गाळ धुऊन, नीट वाळवून हे दोन भाग बदलले तर येण्याजाण्यासह सातशे-आठशे रुपयांत काम होतं. ओला असतानाच ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबलं, तर कॉम्प्रेसर जळू शकतो. मग नवा कॉम्प्रेसर, गॅस, मजुरी: सहा ते आठ हजार. इन्व्हर्टर तंत्राचा नवा फ्रिज असेल तर मागच्या बाजूला सर्किटचं कार्ड असतं, ते गेलं की आणखी काही हजार.

वॉशिंग मशीनचंही तेच, मोटर खालीच असते. पाण्याची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर जमिनीवर बसवलेली असते, ती हमखास बुडते. वाइंडिंगला हजार-बाराशे. पण न चालवता खोलून वाळवली, बेअरिंग बदललं, तर तीही निम्म्यात वाचते.

उलट, जे गेलं असं वाटतं ते कधी कधी शाबूत असतं. घरच्या इन्व्हर्टरची मोठी ट्यूब्युलर बॅटरी दीड फुटाच्या आसपास उंच असते आणि तिची टोकं वर असतात. वीतभर पाण्यात नुसती तळाशी भिजलेली बॅटरी टाकून देऊन बारा-पंधरा हजारांची नवी आणण्याआधी जुनी तपासून घ्या. पुरानंतर गावात ‘जुनी द्या, नवी घ्या’ म्हणत फिरणारे टेम्पो येतात, त्यांना परत पाठवा.

विजेचा मुख्य धोका भिंतीत असतो. बैठकीच्या खोलीत टीव्हीसाठी, स्वयंपाकघरात फ्रिजसाठी फुटभर उंचीवर प्लग काढायची पद्धत पडली आहे. पाणी तिथवर चढलं की पाइपातून वायरीच्या कडेने आत जातं आणि आठवडाभर आतच राहतं. वरून बोर्ड कोरडा दिसतो. पाणी घरात येतंय असं दिसताच मेन स्विच बंद करा. पण पाणी प्लगपर्यंत पोचलं असेल तर त्यातून चालत बोर्डाकडे जाऊ नका. बाहेरूनच महावितरणला 1912 वर फोन करून पुरवठा बंद करायला सांगा. नंतर वायरमन बोलवाल तेव्हा त्याच्याकडे मेगर आहे का विचारा. नुसता टेस्टर लावून ‘ओके आहे’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. टेस्टर वीज आली का एवढंच सांगतो, ओल उरली का ते मेगर सांगतो. खालचे बोर्ड बदलणं आणि एक दिवसाची मजुरी धरून दोन-अडीच हजार लागतील. त्याच वेळी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, दीड ते तीन हजारांत येतो. ओल्या भिंतीच्या घरात जीव वाचवणारी ही एकमेव वस्तू आहे आणि गावातल्या बहुतेक घरांत नेमकी तीच नसते.

अंगणात उभ्या गाडीबद्दल दोन ओळी. सायलेन्सरमध्ये पाणी गेलेली मोटारसायकल किक मारून बघू नका, ढकलत मेकॅनिककडे न्या. आणि गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर पुराच्या नुकसानीचा रुपयाही मिळत नाही.

भिंती: दिवाळी की संक्रांत

वीतभर पाण्याची खूण भिंतीवर वीतभरच दिसते. आठ दिवसांनी बघितलं तर ओल दोन-अडीच फुटांवर चढलेली असते. वीट आणि प्लास्टर पाणी वर खेचतात, पाण्याबरोबर क्षारही वर येतात आणि पृष्ठभागावर पांढरी लव धरते. त्यावर पुट्टी आणि ऑइलपेंट लावलात की आतली ओल कोंडली. बाहेर पडायला तिला तुमचा रंगच ढकलावा लागतो.

जुना ठोकताळा असा की वीटकामाला जाडीच्या दर इंचाला महिनाभर वाळू द्यावं. नऊ इंची भिंतीला आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हात एवढा वेळ लागत नसेल, पण गणपतीत पाणी शिरलेल्या भिंतीला दिवाळीत पुट्टी लावणं म्हणजे पैसे पाण्यात. आणि इथेच सगळं अडतं, कारण दिवाळीला घर रंगवल्याशिवाय चैन पडत नाही. मार्ग सोपा आहे: या दिवाळीला नुसता चुना मारा. चुन्यातून भिंत श्वास घेते, ओल निघत राहते, घर पांढरंशुभ्र दिसतं आणि खर्च काही शेकड्यांत. पुट्टी-रंगाचं संक्रांतीनंतर बघा.

हिशेब असा. दहा बाय बाराच्या खोलीचा घेर 44 फूट. तीन फूट उंचीपर्यंत 132 चौरस फूट, दाराची जागा वजा जाता सव्वाशे. दोन खोल्यांचे अडीचशे. पुट्टी, प्रायमर, रंगाचे दोन हात मजुरीसह चौरस फुटाला 25 रुपये धरले तर 6,250. प्लास्टर फुगून पोकळ वाजायला लागलं असेल (नाण्याने ठोकून बघा, भदभद आवाज येतो) तर खरवडून नवं करायला चौरस फुटाला आणखी चाळीस-पन्नास. घाई केली तर पहिला खर्च पूर्ण वाया जातो आणि होळीला परत रंगारी बोलवावा लागतो.

हे झालं विटांचं. गावातल्या जुन्या वस्तीत अजून पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती आणि धाब्याची घरं आहेत, तिथे प्रश्न पैशाचा कमी आणि जिवाचा जास्त. मातीची भिंत पाणी असताना पडत नाही, ती पाणी गेल्यावर पडते. पायाजवळची माती मऊ होते, वरचा भार तसाच असतो, आणि ऊन पडल्यावर एक बाजू आधी सुकून भेग पडते. पाणी ओसरल्यावर चार-पाच दिवस तिकडच्या भिंतीला लागून अंथरूण घालू नका, गुरं बांधू नका. तळाशी माती गळत असेल, भिंत पोटातून फुगलेली दिसत असेल, दार अचानक घट्ट बसायला लागलं असेल, तर आधी टेकू, मग मिस्त्री. बाहेरून सिमेंटचा गिलावा करून भिंत ‘पक्की’ करायचा सल्ला देणारे भेटतील. त्याने ओल आत कोंडते आणि माती आतल्या आत सुटते. शेणामातीचाच हात द्या.

काळ्या जमिनीवरच्या घरांना वेगळा त्रास. काळी माती पाण्याने फुगते, सुकताना आकसते. पाणी येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली तर ती लगेच बुजवू नका. दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा, तारीख लिहा. महिनाभर वाढली नाही तर भरा. वाढत असेल तर पुट्टीवाल्याला नाही, अभियंत्याला दाखवा.

बाकीचं सामान

भुश्याच्या दाबलेल्या बोर्डाचं फर्निचर एका इंचात जातं. फुगलेला बोर्ड सुकला तरी परत बसत नाही, त्यावर खर्च करू नका. प्लायवूडचा दिवाण असेल तर खालची पट्टी आणि तळ बदलून निभतं. लोखंडी कपाट गंजतं ते तळातून, म्हणून आडवं पाडून तळ वाळवा आणि प्राइमर मारा. फोमची गादी टाकून द्या. कापसाची गादी मात्र पिंजाऱ्याकडे गेली की नवी होते, खोळ आणि मजुरी धरून हजारभर रुपये.

कागदपत्रं नेहमी कपाटाच्या खालच्या खणातच का असतात, देव जाणे. सातबाऱ्याची काळजी नाही, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा 15 रुपयांत ऑनलाइन मिळतो. शाळेचे दाखले आणि जुनी खरेदीखतं यांना मात्र धावपळ लागते. भिजलेले कागद उन्हात टाकू नका, सावलीत एकेक सुटं करून वाळवा.

सेप्टिक टँक किंवा शोषखड्डा गाळाने भरला तर उपशाला दोन हजारांच्या घरात लागतात. घरची विहीर असेल तर शुद्धीकरण फुकटात जमा: चांगली ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर सुमारे 28 हजार लिटर, म्हणजे सत्तर ग्रॅम पावडर. पुराचं गढूळ पाणी थेट विहिरीत उतरलं असेल तर आधी उपसा करा आणि मात्रा आरोग्य सेवकाला विचारून वाढवा.

बेरीज

आता एक घर कल्पनेने धरू. दोन खोल्या, वीतभर पाणी, चार तास. सोयाबीनची निम्मी किंमत बुडाली, 8,000. खत 1,883. फ्रिज 800, मोटर 1,200, वायरिंग 2,500. दिवाण आणि कपाट 4,000. दोन गाद्या 2,000. भिंती 6,250. टँकचा उपसा 2,000. घरातल्या दोघांची तीन दिवसांची मजुरी बुडाली, रोज चारशे धरून 2,400. एकूण 31,033 रुपये.

हे सगळं शहाण्यासारखं वागून. आता तेच घर, तेच पाणी, पण फ्रिज ओला असताना चालू केला (सातशे-आठशेऐवजी सात हजार), सोयाबीन चौथ्या दिवशी उघडलं (आणखी आठ हजार गेले), दिवाळीला रंग दिला आणि तो पुन्हा द्यावा लागला (आणखी 6,250). बेरीज 51,483. पाण्याने घेतले एकतीस हजार, घाईने वीस.

सरकारकडून काय, किती

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे 2022 ते 2026 या काळासाठीचे केंद्राचे निकष असे: सपाट प्रदेशात पक्कं घर पूर्ण पडलं तर 1,20,000 रुपये. पक्क्या घराची अंशतः, किमान 15 टक्के पडझड झाली तर 6,500, कच्च्या घराची तशीच झाली तर 4,000. गोठ्याला 3,000. कपड्यांसाठी कुटुंबाला 2,500 आणि भांडीकुंडी-सामानासाठी 2,500.

राज्य सरकार प्रसंगानुसार यात भर घालतं. जुलै 2023 मध्ये, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस झाला त्या महिन्यात, पाणी शिरलेल्या कुटुंबांसाठी पाच हजारांचे दहा हजार केले गेले, दुकानदारांना 50 हजारांपर्यंत आणि टपरीधारकांना 10 हजारांपर्यंत मदत जाहीर झाली. दरवेळी असं होईलच असं नाही, त्या त्या वेळचा शासन निर्णय बघावा लागतो.

मुद्दा लक्षात घ्या: फ्रिज, मोटर, वायरिंग, रंग, सोयाबीन यांना या यादीत स्वतंत्र जागा नाही. भिंत उभी असेल तर पडझडीचा रकाना कोराच राहतो. एकतीस हजारांच्या नुकसानीला हाती आले तर पाच, फार तर दहा. तरीही पंचनामा सोडू नका, कारण पुढे विमा कंपनी, बँक किंवा नंतर निघालेला वाढीव आदेश, सगळे तोच कागद मागतात.

तलाठी (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी) आणि ग्रामसेवक (ग्रामपंचायत अधिकारी) येईपर्यंत थांबून राहायचं, घर तसंच घाण ठेवायचं, असं करू नका. फोटो काढा आणि साफसफाईला लागा. फोटोत भिंतीवरची पाण्याची रेघ आणि तिच्याशेजारी टेप किंवा फुटपट्टी दिसली पाहिजे. भिजलेल्या पोत्यांची संख्या मोजता येईल असा एक फोटो, फ्रिजवरच्या कंपनीच्या चिठ्ठीचा एक, आणि दाराबाहेरून घर ओळखू येईल असा एक. नमुना 8 चा उतारा, आधार, बँक पासबुक जवळ ठेवा, खातं आधारला जोडलेलं आहे ना ते आधीच बघा. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी वाचा. ‘पाणी शिरले’ आणि ‘भिंतीचा काही भाग पडला’ यांत पैशाचा फरक आहे. जे झालं ते नेमकं लिहून घ्या, जास्तही नाही, कमीही नाही. कोणीच आलं नाही तर बुलढाणा तहसीलमध्ये लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी, हा आकडा आता लहान पोरांनाही पाठ आहे. तो मुख्यतः पिकांच्या मदतीसाठी बघतात. पर्जन्यमापकावर साठच भरले म्हणून घराचा अर्जच करायचा नाही, असं स्वतःहून ठरवू नका.

विमा

घराचा विमा ही शहरातली चैन आहे असं समजून गावात तो कोणी विचारत नाही. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच अटींची पॉलिसी देणं बंधनकारक आहे. पूर आणि पाणी साचणं दोन्ही त्यात येतं. इमारतीचा विमा काढला की घरातलं सामान आपोआप धरलं जातं, इमारतीच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाख. म्हणजे दहा लाखांच्या घराला दोन लाखांचं सामान. हप्ता वर्षाला काही शे रुपयांत बसतो आणि दहा वर्षांपर्यंत एकदम काढता येतो. घरासाठी बँकेचं कर्ज असेल तर बँकेने असा विमा आधीच काढून ठेवलेला असू शकतो, शाखेत जाऊन विचारा.

एजंटला तीन गोष्टी लेखी विचारा: मातीच्या भिंतीचं घर घेता का, विक्रीसाठी साठवलेलं धान्य सामानात धरता का, आणि प्रत्येक दाव्यातून किती रक्कम कापता. दुसऱ्याचं उत्तर बहुधा नकारार्थी येईल, व्यापारी माल वेगळा धरतात. दावा करायचा तर खराब वस्तू सर्वेक्षक बघेपर्यंत भंगारात देऊ नका. जळालेला रिलेसुद्धा पिशवीत ठेवा.

पुढच्या मृगाआधी

खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फायदा सिमेंटच्या ठोकळ्यांचा. आठ-दहा ठोकळे, वर सेंट्रिंगच्या जुन्या फळ्या, फूटभर उंच ओटा तयार. पाचशे-सातशे रुपयांत तीन क्विंटल सोयाबीन पाण्याच्या वर. भिंतीपासून वीतभर सोडून मांडा, भिंतीची ओलही लागत नाही आणि मांजराला उंदरामागे जाता येतं. फ्रिजला लोखंडी स्टँड, सात-आठशे. खालचे प्लग चार फुटांवर घेणं, प्लगमागे तीनशे ते पाचशे. मोटर फूटभर ओट्यावर.

शौचालयाच्या भांड्यासाठी वाळूने भरलेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पिशवी तयार ठेवा. पाणी चढायला लागलं की भांड्याच्या तोंडात घट्ट दाबायची. फुकटचं काम, पण पाणी आत येण्याची सगळ्यात घाणेरडी वाट यानेच बंद होते. दारासाठी मातीने भरलेली चार पोती आणि ताडपत्रीचा तुकडा.

अंगणात मुरूम टाकून उंची वाढवायची असेल तर ट्रॉलीमागे हजार ते दोन हजार. आधी शेजाऱ्याशी बोला. तुमचं अंगण वर गेलं की पाणी त्याच्या दारात जाणार, मग पुढच्या वर्षी तो दोन ट्रॉल्या टाकणार. अशा चढाओढीत गल्लीतल्या शेवटच्या घराचा हौद होतो. त्यापेक्षा मे महिन्याच्या ग्रामसभेत गटारउपशाचा ठराव आणि रस्ता करताना जुना थर खरवडूनच नवा टाकण्याची मागणी लेखी द्या, सगळ्या गल्लीच्या सह्या घेऊन.

आणि पाऊस नसताना, घर कोरडं असताना, एकदा मोबाइल घेऊन खोल्याखोल्यांतून फिरा. प्रत्येक वस्तूचा, तिच्या बिलाचा, थप्पी लावलेल्या पोत्यांचा फोटो काढा आणि ते बाहेरगावी असलेल्या मुलाला किंवा भावाला पाठवून ठेवा. पाण्यात मोबाइलही जातो.